दिवाडीचा बांध नकाशात मावेना

खाजन म्हणजे काय हे गोव्याबाहेरच्यांना आधी सांगावं लागतं. मांडवीच्या खाऱ्या पाण्याला मातीचा बांध घालायचा, आत भात लावायचं, आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी झडपांचं दार, भरतीला पाण्याच्या दाबानेच मिटतं, ओहोटीला उघडून शेतातलं पाणी बाहेर सोडतं. ना मोटर ना वीज. दिवाडी बेटाचा सखल भाग या बांधांच्याच जोरावर टिकून आहे आणि आम्हाला नेमका त्याचाच जमीनवापराचा नकाशा करायचा होता.

ऑफिसात काम सोप्पं वाटलं. सेंटिनेल-२ या उपग्रहाची इमेज फुकट मिळते, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली, वर सर्व्हे प्लॅन ठेवला, झालं. पण पिक्सेल १० मीटरचा आणि बांध जेमतेम दोन माणसं शेजारी चालतील एवढा, तो दिसणार कुठे? किनारा व्यवस्थापनाचा नकाशा १:२५,००० चा, त्यात १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर. म्हणजे ज्याच्यावर सगळं अडलंय तोच गायब, कारण सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, २०१९ ची अधिसूचना सांगते की १९ फेब्रुवारी १९९१ च्या आधीचा बांध किंवा मानस असेल तर भरतीरेषा तिथपर्यंतच धरायची. त्यात उपग्रह येतो तेव्हा सकाळी साडेदहाच्या आसपासच येतो, खाली भरती आहे की ओहोटी त्याला काय देणंघेणं, मग प्रत्येक तारखेला पाण्याची कड वेगळी.

शेवटी जीपीएस घेतला, जुन्या गोव्याहून फेरीबोट पकडली आणि बांधावरून चालायला लागलो. एका ठिकाणी एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्याच्या जमीन-नोंदीत, भात आणि समोर डोक्याएवढी खारफुटी. बांध फुटलेला, खारं पाणी आत बाहेर करतंय. तिथले एक काका म्हणाले, "हांगा पयलीं शेत आशिल्लें." म्हणजे इथे आधी शेत होतं. कोरगुट, खाऱ्या जमिनीतलं भात, व्हायचं म्हणे. मग थेट मुद्द्यावर आले: तू खारफुटी लिहिलंस तर माझं शेत गेलं, नाही लिहिलंस तर उद्या कोणीतरी भराव टाकायला येईल, सांग काय लिहितोस?

अर्धी अधिसूचना काकांनी न वाचताच सांगितली होती. बांधाच्या आत खारं पाणी शिरून वाढलेली खारफुटीही सीआरझेड-१ए, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या गटातच जाते. आणि भरावाचं म्हणाल तर २०११ च्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनात विकासकामांना मनाईच होती, पण त्यासाठी ते खाजन आहे हे नकाशावर दिसायला तर हवं!

माझं मत विचाराल तर एका पॉलिगॉनला, म्हणजे नकाशावरच्या एका तुकड्याला, एकच वापर ही सवयच वाईट. आम्ही दोन कॉलम केले, मूळ वापर खाजन, आजची स्थिती खारफुटी. बांधाची वेगळी रेघ, प्रत्येक मानशीचा वेगळा बिंदू आणि त्यापुढे झडप शाबूत की मोडकी. नकाशात त्या तुकड्याला हिरव्यावर तिरप्या रेघा दिल्या. बैठकीत पहिला प्रश्न, हा रंग ठरलेल्या यादीत आहे का? नव्हता, बराच वेळ वाद झाला, शेवटी रेघा राहिल्या. मानशींची यादी मात्र लगेच मागून घेतली, दुरुस्ती कुठून सुरू करायची ते त्यात सरळ दिसत होतं.