बाण निघतो कुठून?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेतून पाचवीला इंग्रजी माध्यमात गेल्यामुळे न समजलेले पाठ करण्याची मला लवकरच सवय लागली, आणि बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी सेंद्रिय अभिक्रियाही मी तशाच पाठ केल्या. अंतर्गत चाचणीत ३-मिथाइल-२-ब्युटेनॉल आणि हायड्रोजन ब्रोमाइड यांच्या अभिक्रियेची यंत्रणा, म्हणजे ती टप्प्याटप्प्याने कशी घडते हे बाण काढून दाखवायला, विचारली होती. हायड्रॉक्सिलच्या जागी ब्रोमीन बसवून मी मोकळा झालो. शिवाय पहिला बाण प्रोटॉनकडून ऑक्सिजनकडे काढला. उत्तरपत्रिकेवर मॅडमनी लाल शाईने एवढेच लिहिले होते : 'बाण इलेक्ट्रॉनचा असतो.'

वाळपईहून फोंड्याला जाताना बसमध्ये वही मांडीवर घेऊन मी तेच उत्तर पुन्हा मांडू लागलो. प्रोटॉनजवळ द्यायला इलेक्ट्रॉनच नसल्यामुळे बाण ऑक्सिजनवरच्या, बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या एकाकी जोडीपासूनच निघायला हवा, हे एकदा पटल्यावर पुढचे टप्पे आपोआप उलगडले. प्रोटॉन जोडला गेला की पाण्याचा रेणू निघून जातो आणि दुसऱ्या कार्बनवर धनभार उरतो. मग शेजारच्या तिसऱ्या कार्बनवरचा हायड्रोजन बंधातील दोन्ही इलेक्ट्रॉन घेऊन तिकडे सरकतो, कारण त्यामुळे द्वितीयक कार्बोकॅटायनचे (धनभारित कार्बनला दोन कार्बन जोडलेले) अधिक स्थिर अशा तृतीयक कार्बोकॅटायनमध्ये (तीन कार्बन जोडलेले) रूपांतर होते. ब्रोमाइड शेवटी तिथेच जोडला जातो आणि २-ब्रोमो-२-मिथाइलब्युटेन मिळते. हे सारे मी मनातल्या मनात मराठीतच बोलत होतो. इंग्रजीत तेच वाक्य माझ्याकडून पुन्हा पाठांतर होऊन बसे.

एसएन१ आणि एसएन२ या, एका गटाच्या जागी दुसरा गट बसवणाऱ्या अभिक्रियांच्या दोन प्रकारांत मात्र बरेच दिवस गेले. त्यातला आकडा टप्प्यांची संख्या सांगतो असे आमच्या अर्ध्या वर्गाला वाटत होते. प्रत्यक्षात तो वेग ठरवणाऱ्या टप्प्यात किती रेणू भाग घेतात हे दाखवतो. म्हणूनच एसएन१ दोन टप्प्यांत घडते आणि एसएन२ एकाच. आकड्यांनी केलेली ही फसवणूक मला आजही अन्यायकारक वाटते.

सत्र परीक्षेत टर्शरी ब्युटाइल ब्रोमाइड आणि सोडियम मेथॉक्साइड आले. सवयीने ब्रोमीनच्या जागी मेथॉक्साइड बसवून ईथर लिहायला घेतले होते, पण तीन मिथाइल गटांच्या गर्दीत मेथॉक्साइडला कार्बनपर्यंत पोहोचायला वाट नाही हे आकृती काढताना दिसले. मी ईथर खोडले, मेथॉक्साइडपासून निघणारा बाण शेजारच्या हायड्रोजनकडे वळवला आणि २-मिथाइलप्रोपीन लिहिले.