चढाच्या गावात स्कूटर घेताना

साताऱ्यात समर्थ मंदिराकडून यवतेश्वर घाटात रोज डबलसीट चढायचं असेल, तर ११० सीसीचा मोह सोडा. सपाटीवर तिला तोड नाही, पण टॉर्क, म्हणजे इंजिनची फिरवण्याची ताकद, साधारण ९ न्यूटन-मीटर. १२५ सीसीत तो १० ते ११ मिळतो. चढावर कामाला येतो तो हाच, टॉप स्पीड नव्हे. एकट्याने चढायचं असेल तर ११० चालते, कुरकुरत.

ट्रायल गावातल्या सपाट रस्त्यावर घेऊ नका. मागे माणूस बसवून चढावर थांबा आणि तिथूनच गाडी उचला. चढावर थांबताना मात्र ब्रेक धरा. थ्रॉटलवर गाडी तोलून धरली की क्लच शू (इंजिनची ताकद चाकाकडे पोचवणारे क्लचमधले तुकडे) घासत राहतात, तापून गुळगुळीत होतात, आणि मग निघताना गाडी थरथरते. ड्राइव्ह बेल्ट आणि रोलर, म्हणजे स्कूटरचा गिअर आपोआप बदलणारे भागही घाटात लवकर झिजतात. इंजिन ओरडतंय पण वेग वाढत नाही, असं झालं की आधी ते उघडून बघायला सांगा.

उतारासाठी पुढे डिस्क ब्रेक हवाच; ड्रम ब्रेक सतत दाबून तापला की पकड सोडतो. थ्रॉटल सोडल्यावर थोडं इंजिन ब्रेकिंग मिळतं, म्हणजे इंजिनच गाडीला मागे ओढतं, पण वेग फार कमी झाला की क्लच सुटतो आणि गाडी मोकळी घरंगळते.

इलेक्ट्रिक घेताय आणि घर घाटाच्या वर आहे? मग १०० टक्के चार्ज करून उतरू नका. भरलेल्या बॅटरीला रीजनची (वेग कमी करताना मोटर परत तयार करते ती) वीज घेता येत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो.

आणि हो, स्कूटर गिअरमध्ये टाकून उभी करता येत नाही, त्यामुळे ब्रेक दाबून अडकवून ठेवणारा ब्रेक लॉक आहे का ते शोरूममध्येच बघा.