भोवरा का पडत नाही आणि संक्रांत का सरकते

परिवलन गती शिकवताना फळ्यावर बहुधा एक तक्ता येतो. विस्थापनाच्या जागी कोन, वेगाच्या जागी कोनीय वेग, वस्तुमानाच्या जागी जडत्व आघूर्ण, बलाच्या जागी टॉर्क आणि संवेगाच्या जागी कोनीय संवेग. तक्ता बरोबर आहे आणि गणिते सोडवायला तो पुरतोही. पण त्यामुळे फिरण्याचे भौतिकशास्त्र म्हणजे सरळ रेषेतल्या गतीचीच वेगळ्या अक्षरांत उतरवलेली नक्कल, असा समज पक्का होतो. मला या प्रकरणातली सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट त्या तक्त्यात मावत नाही. फिरणाऱ्या वस्तूच्या संवेगाला अक्षाच्या रोखाने दिशा असते आणि त्या दिशेला आडवा टॉर्क लागला, तर वस्तू ढकलू तिकडे न कलता काटकोनात वळते. भोवरा उभा राहतो तो यामुळे, आणि मकरसंक्रांतीची तारीख शतकागणिक पुढे जाते त्याच्या मुळाशीही हेच आहे.

आधी लागणाऱ्या दोन राशी पाहून घेऊ. टॉर्क म्हणजे बल गुणिले अक्षापासून त्या बलाच्या रेषेचे लंब अंतर. घट्ट बसलेला नट सुटेना की मेकॅनिक पान्याच्या दांड्यात पाइप घालतो, तेव्हा तो हाताचा जोर न वाढवता हे अंतरच वाढवत असतो. जडत्व आघूर्ण म्हणजे फिरण्यातल्या बदलाला वस्तू करते तो विरोध, आणि त्यात वस्तुमानाबरोबर अक्षापासूनच्या अंतराचा वर्ग येतो. त्यामुळे एकाच वजनाच्या आणि एकाच त्रिज्येच्या कडे आणि भरीव चकती या दोघांपैकी कड्याचे जडत्व आघूर्ण दुप्पट भरते, कारण त्याचे सगळे वस्तुमान परिघावर असते. जडत्व आघूर्णाला कोनीय वेगाने गुणले की कोनीय संवेग मिळतो. उजव्या हाताची बोटे फिरण्याच्या दिशेने वळवली असता अंगठा जिकडे रोखलेला राहतो, ती त्याची दिशा.

आता सायकलचे एक सुटे चाक घ्यावे, त्याच्या आसाच्या एका टोकाला दोरी बांधून ते टांगावे आणि दुसरे टोक हाताने आडवे धरावे. चाक स्थिर असताना हात सोडला तर ते सरळ खाली लोंबते. मात्र चाक जोरात फिरवून मग हात सोडला, तर आस जवळजवळ आडवाच राहतो आणि सगळे चाक दोरीभोवती सावकाश गोल फिरू लागते. या गतीला परांचन म्हणतात. हा प्रयोग पाहताना पहिला प्रश्न मनात येतो तो हा की वजन खाली ओढत असताना चाक बाजूला का जाते, आणि सदिशांचा गुणाकार दाखवून दिलेले उत्तर अचूक असले तरी त्याने बहुतेकांचे समाधान होत नाही.

समाधान हवे असेल तर चाकाच्या धावेचा, म्हणजे बाहेरच्या गोल कड्याचा, एकेक तुकडा पाहावा. वजनामुळे चाक कलू पाहते, म्हणजे धावेचा वरचा भाग दोरीपासून दूर, बाहेरच्या बाजूला ढकलला जातो आणि खालचा भाग आत. पण धावेचा कोणताही तुकडा वर थांबून राहत नाही. वरच्या अर्धवर्तुळातून जाताना त्याला सतत बाहेरच्या दिशेने धक्के मिळतात, त्यांची बेरीज होत जाते आणि त्याचा बाहेर जाण्याचा वेग सर्वाधिक होतो तो वरचे अर्धवर्तुळ संपताना, म्हणजे तो तुकडा आसाच्या उंचीला आल्यावर. तिथून पुढे खालच्या अर्धवर्तुळातले धक्के उलटे असल्याने तो वेग कमी होत शून्यावर येतो, मग आतल्या बाजूला वाढू लागतो आणि समोरच्या कडेला पोहोचेपर्यंत तितकाच होतो. परिणाम असा की चाकाची एक उभी कड बाहेर जाते, दुसरी आत येते आणि आस आडव्या पातळीत वळतो. धक्का दिला वर, परिणाम दिसला पाव फेरी पुढे.

किती वेगाने वळतो, याचे उत्तर एका भागाकारात आहे: टॉर्क भागिले कोनीय संवेग. चाक २ किलोचे, वस्तुमान सगळे ३० सेंटिमीटर त्रिज्येच्या धावेवर आणि फिरण्याचा वेग सेकंदाला ३ फेऱ्या असे धरले, तर कोनीय संवेग सुमारे ३.४ एकके येतो. दोरी चाकाच्या मध्यापासून १० सेंटिमीटरवर असेल तर वजनाचा टॉर्क जवळपास २ न्यूटन-मीटर होतो. भागाकार केला की दर सेकंदाला सुमारे ३३ अंश, म्हणजे दोरीभोवतीची एक फेरी साधारण ११ सेकंदांत. चाक मंदावून निम्म्या वेगाने फिरू लागले की हीच फेरी साडेपाच सेकंदांत पुरी होते. संवेग भागाकारात खाली असल्याने फिरणे जितके मंद तितके परांचन जलद. भोवरा खेळलेल्या प्रत्येकाने हे पाहिलेले असते: नुकता सोडलेला भोवरा जवळपास निश्चल उभा दिसतो आणि आरेच्या घर्षणाने वेग उतरत गेला की त्याचे डोके अधिकाधिक मोठी आणि घाईची वर्तुळे काढत अखेर जमिनीला टेकते.

या नियमाला आकाराचे बंधन नाही, आणि म्हणूनच तो मला इतका प्रिय आहे. पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी घेते, त्यामुळे विषुववृत्तावरची जमीन सेकंदाला सुमारे ४६५ मीटर वेगाने फिरत असते आणि या फिरण्यामुळेच पृथ्वी मध्यभागी फुगलेली आहे. तिची विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवीय त्रिज्या ६,३५७ किलोमीटर. फरक अवघा २१ किलोमीटरांचा. अक्ष सुमारे २३.४ अंशांनी कललेला असल्याने हा फुगवटा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीत न राहता तिरपा असतो. सूर्य आणि चंद्र फुगवट्याच्या जवळच्या बाजूला जास्त आणि दूरच्या बाजूला कमी ओढतात, त्यातून अक्ष सरळ उभा करू पाहणारा टॉर्क निर्माण होतो आणि त्यातला सुमारे दोन-तृतीयांश वाटा चंद्राचा असतो. पृथ्वी फिरत नसती तर अक्ष त्या ओढीने कक्षेला लंब होण्याकडे झुकला असता. ती फिरते, म्हणून अक्षाचा कल जवळपास तसाच राहून त्याची दिशा आकाशात एक मोठे वर्तुळ काढते.

इथे एक बारकावा आहे. भोवऱ्यावरचा टॉर्क त्याला पाडू पाहतो, तर पृथ्वीवरचा टॉर्क तिला सरळ करू पाहतो. टॉर्कची दिशा उलटी, म्हणून परांचनाचीही दिशा उलटी. भोवऱ्याचे डोके तो स्वतः फिरतो त्याच दिशेने वर्तुळ काढते, पृथ्वीचा अक्ष मात्र तिच्या स्वतःच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने सरकतो. संपातबिंदू, म्हणजे सूर्याचा आकाशातला मार्ग विषुववृत्ताच्या पातळीला जिथे छेदतो ते दोन बिंदू, राशींमधून मागे जातात ते यामुळेच. त्यांचे सरकणे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ग्रीक ज्योतिर्विद हिप्पार्कसच्या ध्यानात आले होते, पण त्याचे कारण फुगवट्यावरच्या ओढीत आहे हे १६८७ मध्ये न्यूटनने दाखवले. या सरकण्याचा वेग वर्षाला सुमारे ५०.३ विकला आहे (एका अंशात ३,६०० विकला), म्हणजे ७२ वर्षांत साधारण एक अंश आणि २५,८०० वर्षांत एक पूर्ण फेरी.

आपल्या पंचांगात याच गतीला अयनचलन म्हणतात. सूर्याचे दक्षिणेकडचे सरकणे थांबून उत्तरायण खरोखर सुरू होते ते २१ किंवा २२ डिसेंबरला, कारण ते पृथ्वीच्या अक्षावर ठरते. मकरसंक्रांत निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने ठरते. या दोन मापनांमधला फरक आज सुमारे २४ अंश झाला आहे, आणि सूर्य दिवसाला साधारण एक अंश चालतो, म्हणून संक्रांत आता १४ किंवा १५ जानेवारीला येते. २४ ला ७२ ने गुणले की सुमारे १,७०० वर्षे मिळतात. तेवढ्या काळापूर्वी संक्रांत आणि उत्तरायण यांचा दिवस एकच होता.

स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि तो दिवस मकरसंक्रांतीचा होता. आपल्याकडे पानिपताबद्दल बोलताना १४ जानेवारी १७६१ ला संक्रांत होती असे सर्रास सांगितले जाते, पण हेच गणित मागे नेले तर त्या वर्षीची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास होऊन गेलेली दिसते. आजची तारीख जुन्या वर्षांना जशीच्या तशी लावू नये, एवढी काळजी इतिहासाबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाने घ्यायला हवी असे मला मनापासून वाटते.

लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या ‘ओरायन’ या ग्रंथात याच गतीचा उपयोग घड्याळासारखा केला. वैदिक वाङ्मयातल्या काही उल्लेखांवरून वसंतसंपात, म्हणजे मार्चमध्ये सूर्य जिथे येतो तो संपातबिंदू, तेव्हा मृग नक्षत्रात होता, असे त्यांनी मांडले. त्या उल्लेखांचा अर्थ कसा लावायचा यावर वाद होऊ शकतो आणि झालाही आहे, पण त्यामागचे गणित कोणालाही पडताळता येते. मृगाच्या शीर्षातले तारे आज संपातबिंदूपासून सुमारे ८४ अंशांवर आहेत. ८४ गुणिले ७२ म्हणजे सहा हजार वर्षांहून थोडे अधिक, अर्थात काळ इसवी सनापूर्वी ४००० च्या आसपासचा.

अक्ष आकाशातले आपले वर्तुळ अगदी गुळगुळीतही काढत नाही. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांचा कोन करते आणि या कलाची दिशा १८.६ वर्षांत एक फेरी पूर्ण करते. त्यामुळे फुगवट्यावरचा टॉर्क त्याच आवर्तनाने बदलतो आणि पृथ्वीचा अक्ष पुढे सरकता सरकता सुमारे ९ विकलांइतका मागेपुढे डुलतो. इंग्लंडच्या जेम्स ब्रॅडलीने ताऱ्यांच्या स्थानांची निरीक्षणे जवळपास वीस वर्षे, म्हणजे हे एक आवर्तन पूर्ण होईपर्यंत चिकाटीने चालू ठेवली आणि मगच, १७४८ मध्ये, हा शोध जाहीर केला.