पोकोनोच्या चढणीवर आल्को इंजिनांच्या मागावर

पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटन येथे डेलावेअर-लॅकवॉना नावाची एक लहान मालवाहू रेल्वे 1993 पासून चालू आहे. अमेरिकेच्या आल्को आणि कॅनडातील मॉन्ट्रियलच्या एमएलडब्ल्यू या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यांत साठ-सत्तरच्या दशकांत बांधलेली डिझेल इंजिने तिच्याकडे आजही मालगाड्या ओढतात. ऑक्टोबरच्या मध्यास, पानांचे रंग भरात असताना, ही इंजिने चढणीवर काम करताना टिपावीत या एकाच हेतूने मी न्यू जर्सीहून तेथे गेलो होतो. एडिसन परिसरातून मोटारीने साधारण दोन तासांत पोहोचता येत असल्याने त्या भागात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना हा प्रवास सहज जमण्यासारखा आहे.

मराठी रेल्वेप्रेमींना या इंजिनांची ओळख करून द्यावी लागत नाही. स्केनेक्टडी येथील आल्कोने 1962 मध्ये भारताला डब्ल्यूडीएम-2 ही डिझेल इंजिने पुरवली आणि 1964 पासून वाराणसीच्या डिझेल कारखान्यात तीच घडू लागली. खुद्द आल्कोने 1969 मध्ये इंजिने बांधणे थांबवले. डब्ल्यूडीएम-2 चे 2600 अश्वशक्तीचे सोळा सिलिंडरांचे 251 या नमुन्याचे यंत्र आणि स्क्रँटनच्या सी-425 किंवा एम-636 इंजिनांमधील यंत्र एकाच घराण्यातले आहे. पुणे-मिरज मार्गावर लहानपणी उभ्या इंजिनाची ती लंगडत चालल्यासारखी धडधड ज्याने ऐकली आहे, तो येथे डोळे मिटूनही इंजिन ओळखेल.

हा मार्ग जुन्या लॅकवॉना रेल्वेचा मुख्य मार्ग होता. स्क्रँटन सोडताच तो ‘ने ऑग’ नावाच्या घळीतून वर चढतो, मॉस्को, गोल्ड्सबोरो आणि टोबिहाना या गावांवरून पोकोनो समिट गाठतो आणि मग क्रेस्को, अ‍ॅनालोमिंक, ईस्ट स्ट्राउड्सबर्ग असा उतरत डेलावेअर नदीच्या खिंडीजवळ स्लेटफर्डला येतो. सगळे अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर आहे. स्लेटफर्डच्या बाजूला नॉरफोक सदर्न रेल्वेकडून मिळालेला माल, त्यातही पोकोनो समिट येथील पिठाच्या गिरणीचा गहू, डोंगर चढून वर न्यावा लागतो. म्हणून परतीची गाडी भरलेली असते आणि इंजिनांचा खरा कस तिच्यातच लागतो. रेल्वेप्रेमी या गाडीला पीटी-98 या तिच्या क्रमांकानेच ओळखतात.

प्रकाशाचे गणितही परतीच्या गाडीच्या बाजूचे आहे. मार्ग ढोबळमानाने आग्नेयेकडून वायव्येकडे जातो. त्यामुळे सकाळी उतरणाऱ्या गाडीच्या तोंडावर ऊन असते आणि दुपारनंतर चढणाऱ्या गाडीच्या. दुपारी रुळांच्या नैर्ऋत्येला उभे राहावे, म्हणजे इंजिनाची दर्शनी बाजू आणि कूस दोन्ही उजळलेल्या मिळतात. क्रेस्कोचे जुने स्थानक आता स्थानिक इतिहासाचे संग्रहालय आहे आणि या मार्गावर मला सर्वांत आवडलेली जागा तीच.

तेथे गाडी दिसण्याच्या बऱ्याच आधी ऐकू येते. आवाज डोंगराआड जातो, पुन्हा उघडतो, मग रुळांच्या कडेची खडी हलकेच थरथरू लागते. वळणावर पहिले इंजिन दिसले तेव्हा चालकाने बहुधा नॉच, म्हणजे शक्तीची पायरी, वाढवला असावा, कारण काळ्या धुराचा लोट एकदम झाडांच्या वर गेला. इंधन लगेच वाढते, परंतु टर्बोचार्जरला वेग घ्यायला अवधी लागतो. तेवढ्या वेळात हवा कमी पडते आणि अर्धवट जळलेले इंधन काजळी होऊन बाहेर पडते. काही क्षणांत धूर विरळ झाला, आवाज भरीव झाला आणि गव्हाच्या झाकलेल्या हॉपर वाघिणी पायी चालणाऱ्या माणसाच्या बेताने एकेक करून पुढे सरकू लागल्या. धुराचे छायाचित्र सर्वांनाच हवे असते, पण कॅमेऱ्याचे प्रकाशमापन धुरावर केल्यास बाकी दृश्य पांढुरके पडते. ते इंजिनाच्या रंगावर करावे. शटर 1/500 सेकंद पुरेसे होते.

येथे इंजिनाचा क्रमांक स्पष्ट दिसेल असे निदान एक छायाचित्र घ्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. 2461 क्रमांकाचे सी-425 इंजिन घ्या. ते इरी लॅकवॉना रेल्वेचे, म्हणजे याच मार्गाच्या जुन्या मालकाचे. पुढे ते कॅनडात ब्रिटिश कोलंबिया रेल्वेकडे गेले आणि फिरून स्क्रँटनला परतले. आता त्यावर पुन्हा इरी लॅकवॉनाचे करडे, किरमिजी आणि पिवळे रंग आहेत. मालक बदलला की रंग बदलतो, बहुधा क्रमांकही बदलतो. अशा इंजिनाचा प्रवास जोडता येतो तो कोणीतरी त्या त्या काळी तारीख, ठिकाण आणि क्रमांक लिहून ठेवलेल्या पारदर्शिकांमुळेच (स्लाइड). न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथील छायाचित्रकार जिम शॉनेसी यांनी वाफेकडून डिझेलकडे होणारे स्थित्यंतर टिपताना इंजिनाभोवतीची माणसे, स्थानके आणि रात्रीचा उजेडही चौकटीत घेतला, म्हणून त्यांची छायाचित्रे आज इतिहासाचे साधन ठरतात. त्या पिढीच्या कोडाक्रोम फिल्मचे रंग टिकले, पण 2010 च्या अखेरीस तिची धुलाई कायमची थांबली. आपल्या संगणकातील फायलींना मात्र नुसते आकडे असतात. फाइलच्या नावात क्रमांक, गाव, तारीख आणि गाडीची दिशा त्याच रात्री घालावी.

पुण्याच्या किंवा कल्याणच्या शेडमधील डब्ल्यूडीएम-2 ची जुनी छायाचित्रे ज्यांच्या घरी असतील, त्यांनीही हाच क्रम ठेवावा. वडीलधाऱ्यांना आठवते आहे तोवर मागच्या बाजूस पेन्सिलीने लिहून घ्यावे.

जाणाऱ्यांसाठी आणखी काही गोष्टी सांगणे आवश्यक आहे. या मालगाड्यांचे जाहीर वेळापत्रक नसते, म्हणून शनिवार-रविवारच्या भरवशावर जाऊ नये. कामाच्या दिवशी रजा काढून सकाळीच स्क्रँटनला असावे. रूळ आणि यार्ड ही खाजगी मालमत्ता आहे. सार्वजनिक फाटक, पूल आणि स्थानकाच्या आवाराबाहेर पाऊल टाकू नये. खिंडीतून पोर्टलंडकडे जाणारा 611 क्रमांकाचा रस्ता डिसेंबर 2022 मध्ये दरड कोसळल्याने बंद झाला होता, तेव्हा निघण्यापूर्वी त्याची स्थिती पाहून घ्यावी. गवतात उभे राहायचे असल्याने पूर्ण पायघोळ विजार आणि मोजे घालावेत व संध्याकाळी अंगावर गोचीड नाही ना, हे नीट तपासावे. या भागात त्यांच्यामुळे लाइम रोग होतो. मुक्काम करायचा झाल्यास स्क्रँटनचे 1908 मधील लॅकवॉना स्थानक आता हॉटेल आहे, आणि जवळच स्टीमटाउन हे राष्ट्रीय उद्यान सेवेचे रेल्वे संग्रहालय असून तेथे युनियन पॅसिफिकचे 4012 क्रमांकाचे अवाढव्य बिग बॉय वाफेचे इंजिन पाहता येते. लहान मुले सोबत असतील तर त्यांचा दिवस तेथेच काढावा, कारण मालगाडीची वाट पाहताना त्यांचा धीर सुटतो.