गुळण्या

आमच्या बिल्डिंगखाली पिठाची गिरणी आहे. दुपारी दोनच्या सुमाराला, सगळं जग जेवून आडवं होत असतं तेव्हाच गिरणीवाला गव्हाचा मोठा डबा लावतो आणि घूंऽऽ सुरू. इतकी वर्षं त्या आवाजावर फक्त वैतागलोय. परवा रविवारी मात्र त्या घूंच्या वर एक बारीक शिट्टी ऐकू आली, घूं तसंच खाली धरलेलं आणि शिट्टी आपली वर फिरतेय. उठून खिडकीशी गेलो. बायको म्हणाली काय झालं, म्हटलं काही नाही, गिरणीवाला मंगोलियन गातोय. ती कूस बदलून झोपली, तिला सवय आहे.

हे सगळं भाच्याचं देणं. मागे एका लग्नाला निघालो होतो, पनवेलच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि याने गाडीत द हू नावाचा बँड लावला. इंग्लंडचा जुना द हू नाही, हा मंगोलियातल्या उलानबातरचा, २०१६ चा. केस वाढवलेले, चामडं घातलेले दणकट बाप्ये, घोड्याचं डोकं कोरलेलं दोन तारांचं मोरिन खूर, वर इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम. हुन्नू रॉक म्हणतात म्हणे. २०१८ ला त्यांचे व्हिडिओ जगभर फिरले, माझ्यापर्यंत पोचायला पनवेलचा ट्रॅफिक लागला. तर वाजवणं झकास चाललेलं आणि गाणाऱ्याने तोंड उघडलं. कफ. दुसरा शब्दच नाही. मागच्या सीटवरून आई म्हणाली, त्याला ज्येष्ठमध द्या रे कोणीतरी.

आमच्या घरात गाण्याची एकच परीक्षा, गळा गोड आहे का. आकाशवाणीवर भावगीत लागलं की आई हातातलं लाटणं थांबवून "काय गोड गळा" म्हणणार, आणि गोड नसेल तर "शिकलेला दिसतोय" म्हणणार, हा तिचा सगळ्यात कडक शेरा. बाबा कधीतरी वाद घालायचे, संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना शाहीर अमर शेख उभे राहायचे तेव्हा गोड आवाज कोणी मागितला होता का वगैरे. पण रेडिओ आईच्या ताब्यात होता, त्यामुळे माझे कान आईचेच.

ते कान सुधारले लोकलने. भाच्याने फोनमध्ये तीच गाणी भरून दिली होती, आणि तुम्हाला माहितीय, गर्दीत एकदा हात वर अडकला की गाणं बदलता येत नाही, जे लागलंय ते दादरपर्यंत ऐकायचं. तेव्हा कळलं की कुर्ला-सायनच्या खडखडाटात गोड गळे टिकतच नाहीत, वाहून जातात. हा कफवाला मात्र खडखडाटाच्या खाली जाऊन बसायचा आणि हलायचा नाही. दोन-चार आठवड्यांत मला त्याची वाट बघायची सवय लागली आणि एक दिवस माटुंग्याच्या आसपास लक्षात आलं की अरे, हे तर अण्णा.

लालबागला आमच्या चाळीत कोपऱ्याच्या खोलीत अण्णा राहायचे. पहाटे चारला पाणी यायचं आणि पाण्यासोबत अण्णांच्या गुळण्या. मिठाचं कोमट पाणी, मान मागे, सुरुवात एकदम खालून, मग तो गुरगुराट चढत चढत गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा आणि शेवटी मोरीत पिचकारी. आम्ही पोरं गोधडीत तोंड खुपसून नक्कल करायचो. अण्णा मिलमध्ये कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात होते. तिथे हवेतच कापूस, तो गळ्यात आणि छातीत जाऊन बसायचा तो कायमचाच. १९८२ चा संप झाला, त्यांना काही परत घेतलं नाही, पण गुळण्या चारलाच, पहिली पाळी गाठायची असल्यासारख्या.

आणि हाच माणूस शनिवारी भजनाला कोरसला बसायचा. बुवा वेगळे, त्यांचा गळा गोड, लोक यायचे ते त्यांच्यासाठी. पण बुवांनी अभंग उचलला आणि मागून अण्णांचा तो खालचा खरखरीत सूर आला नाही तर पखवाजवालासुद्धा वळून बघायचा. अण्णा गातात असं कोणी म्हणत नसे. अण्णा धरतात, असं म्हणायचे.

मग मी वाचत सुटलो, ही माझी खोड. कुठलाही सूर एकटा नसतो, त्याच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट असे वरचे सूर त्याच्या पोटात असतातच, म्हणजे खालचा सा सेकंदाला १०० कंपनांचा धरला तर ५०० वर गंधार, म्हणजे ग. तानपुऱ्याला गंधाराची तार नसते, तरी जवारी, म्हणजे तारेची ती झणझण, नीट लागली की खरजाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, स्वयंभू गंधार, गाणारी मंडळी त्याचं नाव काढताना डोळे मिटतात तो. मंगोलियात हे गळ्यातच करतात. खाली एक सूर धरायचा आणि जीभ-ओठ असे फिरवायचे की पोटातला एकच सूर मोठा होऊन शिट्टीसारखा वर निघेल. खूमेई म्हणतात. खरखर येते ती स्वरतंतूंच्या वरच्या घड्याही थरथरायला लागल्या की, मग आवाज पार एक सप्तक खाली गेल्यासारखा वाटतो, आणि द हूचा सगळा जोर त्या खरखरीवरच. २०१० साली युनेस्कोने मंगोलियाच्या खूमेईला वारशाच्या यादीत घेतलं. आईला हे सांगितलं तर म्हणाली, युनेस्कोचं काय जातंय, त्यांना पनवेलपर्यंत ऐकावं लागत नाही.

भाच्याला फोन करून सगळं सांगितलं, अण्णा, कार्डिंग, गंधार, गिरणीची शिट्टी. त्याने ऐकून घेतलं, मग म्हणाला, मामा, तू अजून तेच ऐकतोयस? त्याचं सध्या काहीतरी कोरियन चालू आहे. त्यात म्हणे सगळ्यांचे गळे गोड आहेत.