नाकाच्या शेजारचं फाउंडेशन

थंडी सुरू झाल्याची पहिली बातमी मला माझ्या नाकाकडून मिळते. म्हणजे स्वेटर अजून कपाटातच असतात, पंखासुद्धा एकवर चालूच असतो, आणि एक दिवस सकाळी घाईघाईत तोंड रंगवून निघाल्यावर लिफ्टच्या आरशात दिसतं की नाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक पापुद्रे उठलेत, जुन्या भिंतीचा रंग सुटतो ना तसे, आणि फाउंडेशन अगदी इमानदारीत जाऊन नेमकं त्या पापुद्र्यांनाच चिकटून बसलंय. आठवड्यापूर्वी हेच फाउंडेशन मस्त बसलं होतं. बाटली तीच, हात तोच, आणि चेहरापण तोच असं आपण धरून चालतो. तो तोच नसतो हे कळायला मला चाळिशी उजाडावी लागली.

मग येणाऱ्या रविवारी मी मेकअपचा ड्रॉवर पलंगावर उपडा करते. हवा बदलली की हे काम ठरलेलं. त्यातनं काय काय निघतं! मधोमध भोक पडलेला कॉम्पॅक्ट, टोपण हरवलेली काजळपेन्सिल, एक हायलायटर जो लावला की मी चमकत नाही तर जिना चढून आल्यासारखी दिसते, तीन मॅट लिपस्टिका ज्यांचा रंग एकच आहे असं घरातल्यांचं म्हणणं आहे (माझं नाही), आणि एक व्हिटॅमिन सीचं सिरम, जे आणलं तेव्हा पाण्यासारखं नितळ होतं आणि आता गंजाच्या रंगाचं झालंय. हवा आणि उजेड लागून ते असंच खराब होतं, काम संपलं त्याचं, तरी मी दोन महिने ते लावत होते कारण टाकवत नव्हतं.

डब्यांच्या मागे एक इवलंसं चित्र असतं बघा, झाकण उघडलेल्या बरणीचं, आणि त्यात लिहिलेलं असतं ६ एम, १२ एम असं काहीतरी. मी कित्येक वर्षं तो एम म्हणजे मीडियम समजत होते, साइझ वगैरे असेल म्हणून. ते महिने असतात. म्हणजे उघडल्यापासून इतके महिने वापरा आणि मग निरोप द्या. मस्काऱ्याला तर तेवढीही मुदत नाही, तीन महिने, फार तर सहा, कारण ती ब्रशची काडी डोळ्याला लागून परत त्या अंधाऱ्या ओलसर नळीत जाते, रोज, आणि आत काय काय वाढत असेल याचा विचार केला की मला डोळे चोळावेसे वाटतात. माझ्या ड्रॉवरमधला मस्कारा किती जुना होता ते इथे सांगत नाही.

तर थंडीकडे परत येऊ. त्वचेचा जो अगदी वरचा थर असतो तो किती पातळ, तर एका मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले एखाद-दोन. वहीच्या कागदापेक्षाही कितीतरी बारीक. त्यात मेलेल्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि मधल्या फटींत स्निग्ध पदार्थांचं सिमेंट भरलेलं असतं, ज्यातल्या सिरामाइड नावाच्या घटकाची जाहिरात हल्ली प्रत्येक ट्यूबवर असते. थंड हवेत वाफ कमी मावते, हवा कोरडी पडते, आणि ती कोरडी हवा आपल्या चेहऱ्यातलं पाणी शोषायला लागते. आणि आपण काय करतो, तर गारठा आहे म्हणून कडकडीत पाण्याने तोंड धुतो, वर साबण घासतो. गरम पाणी आणि साबण दोघं मिळून ते सिमेंट धुऊन नेतात. शिवाय त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच, म्हणजे आम्लपणा मोजायचा आकडा (जितका कमी तितकं आम्ल जास्त), साधारण पाचच्या आसपास, आणि साध्या साबणाचा नऊ-दहा. धुतल्यावर तोंड 'कर्रकन' स्वच्छ झाल्यासारखं वाटतं ना, ताणल्यासारखं, ते मला लहानपणापासून स्वच्छतेचं लक्षण वाटायचं. ती तक्रार असते हो.

म्हणून थंडीत मी फक्त दोन गोष्टी बदलते. एक, कोमट पाणी आणि फेस न होणारा किंवा कमी होणारा फेसवॉश, तोही रात्रीच, सकाळी नुसतं पाणी. दुसरी म्हणजे मॉइश्चरायझर ओल्या चेहऱ्यावर लावायचं. टॉवेलने खसाखसा पुसून, केस विंचरून, फोन बघून, मग आठवण झाली की लावलं असं नाही. टिपून लगेच. त्यातलं ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, पण धरायला पाणी तर हवं ना आधी. पेट्रोलियम जेलीचंही तेच, ती स्वतः पाणी देत नाही, आहे ते उडू देत नाही, झाकण लावल्यासारखं. रॉबर्ट चेसब्रो नावाच्या माणसाने १८७२ साली व्हॅसलीनचं पेटंट घेतलं, त्यानंतर दीडशे वर्षांत क्रीमच्या नावाखाली काय काय आलं आणि गेलं, पण फुटलेल्या ओठांवर रात्री मी अजून तेच फासते. ओठांना तेलाच्या ग्रंथी जवळजवळ नसतातच, त्यामुळे ते बिचारे आपले आपण काही करू शकत नाहीत, आणि आपण जीभ फिरवून फिरवून त्यांना आणखी सुकवतो.

आणि कोल्ड क्रीम! मला वाटायचं थंडीत लावायचं म्हणून कोल्ड क्रीम. तसं नाहीये. दुसऱ्या शतकातल्या गॅलन नावाच्या वैद्याचं नाव त्याच्याशी जोडतात, मेण, तेल आणि गुलाबपाणी घोटून केलेलं, आणि लावल्यावर त्यातलं पाणी उडून त्वचेला गार वाटायचं म्हणून ते कोल्ड. म्हणजे नावाचा आणि सीझनचा काही संबंध नाही. हे मी घरात सगळ्यांना सांगून झालंय, कुणालाही फरक पडला नाही.

थंडीतल्या मेकअपचं एवढंच की पावडर कमी करा. मॉइश्चरायझर लावून पाच-दहा मिनिटं थांबायचं (मी तेवढ्यात डबा भरते), मग फाउंडेशनचे दोन-तीनच ठिपके, ओल्या स्पंजने दाबून दाबून बसवायचे, ओढायचं नाही, ओढलं की पापुद्रे उभे राहतात. पावडर ब्लशच्या जागी क्रीमचा. आणि ज्या दिवशी नाक फारच सोललेलं असेल त्या दिवशी तिथे काहीही लावायचं नाही, नाक लाल दिसलं तर दिसू दे.

आता सनस्क्रीन. यावरून माझं आणि लेकीचं भांडण झालं होतं, ते सांगायलाच हवं. मी ते पावडरच्या आधी, क्रीमसारखं चिमूटभर घेऊन चेहराभर पसरवायची आणि एक ट्यूब मला वर्षभर पुरायची, याचा मला अभिमान होता.

"आई, वर्षभर पुरतंय म्हणजे तू लावतच नाहीयेस."

"लावते की रोज."

"अगं भिंतीला एक हात पातळ रंग दिला तर खालची भिंत दिसते ना? तसंच आहे हे."

तिचं म्हणणं बरोबर निघालं, हे मला आवडलं नाही, पण निघालं. डबीवरचा जो एसपीएफ असतो, म्हणजे उन्हापासून किती बचाव होईल त्याचा आकडा, तो प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम इतका जाड थर लावून मोजतात. बहुतेक माणसं त्याच्या पाव ते निम्मंच लावतात, म्हणजे डबीवर ५० लिहिलेलं असलं तरी आपल्या चेहऱ्यावर ५० नसतात. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर बोटभर लांबीची एकेक रेघ, इतकं घ्यायचं. पहिल्या दिवशी घेतलं तर एवढं कुठे जिरवू असं झालं, मग दोन वेळा विभागून लावलं तर जिरलं. आणि ३० की ५० यावर दुकानात उभं राहून डोकं खाजवण्यात अर्थ नाही, ३० वालं नीट लावलं तर जळवणाऱ्या यूव्हीबी किरणांपैकी साधारण ९७ टक्के अडवतं, ५० वालं ९८. पातळ लावलेल्या पन्नासपेक्षा भरपूर लावलेलं तीस बरं.

"पण मी तर दिवसभर खिडकीजवळ बसते, उन्हात कुठे जाते," हा माझा शेवटचा बाण होता. तोही वाया गेला. खिडकीची काच यूव्हीबी बऱ्यापैकी अडवते म्हणून आपण भाजत नाही, पण उन्हातली दुसरी किरणं, यूव्हीए, आत येतात, आणि डाग-सुरकुत्यांचं काम मुख्यतः त्यांचं. ढगांमधूनही येतात. म्हणून पावसाळ्यात आणि थंडीत सुट्टी नाही. मग फाउंडेशनवर लिहिलेला एसपीएफ? तो धरायचाच नाही, कारण सनस्क्रीनइतकं जाड फाउंडेशन लावलं तर लोक ओळखणार नाहीत आपल्याला. बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत लावा असं सांगतात, आणि मेकअप केलेला असताना ते कसं लावायचं हा प्रश्न मला बरीच वर्षं होता, स्पंजवर घेऊन थापटत थापटत लावलं तर खालचं फारसं हलत नाही, हलतं जरा, पण चालतं. आमच्यासारख्या सावळ्या रंगाला पांढरट राखेसारखं दिसतं ही तक्रार असेल तर रंगीत सनस्क्रीन घ्या, त्यात आयर्न ऑक्साइड असतात, ते पांढरेपणाही झाकतात आणि दिसणाऱ्या उजेडामुळे जे डाग गडद होतात तिथेही उपयोगी पडतात.

उन्हाळ्यात माझं गणित उलटं. तेव्हा चेहरा आपणहून चमकतो आणि आपण त्यावर पावडरीवर पावडर चढवत जातो, दुपारपर्यंत त्याचा चिखल होतो. घाम आला की आधी टिपायचं. टिश्यू ठेवून दाबायचं, पुसायचं नाही, आणि मग वाटलं तरच पावडर, तीही कपाळ, नाक, हनुवटी एवढ्यावर, गालांना कशाला. मॉइश्चरायझर उन्हाळ्यात बंद करणारे पुष्कळ आहेत, मी पण करायची, तेलकट आहे ना चेहरा, मग कशाला. पण तेल वेगळं आणि पाणी वेगळं, तेलकट चेहरापण कोरडा पडू शकतो. जेलसारखं हलकं काहीतरी लावा, पण लावा. शिवाय उन्हाने रंग एखादी शेड उतरतो, आणि थंडीतलं फाउंडेशन मग मुखवट्यासारखं मानेच्या वर थांबतं. मी दोन शेड ठेवते आणि तळहातावर मिसळते. नवीन घेताना जबड्याच्या कडेला रेघ ओढून दुकानाच्या बाहेर उजेडात जाऊन बघायचं आणि दहा मिनिटं थांबायचं, कारण काही फाउंडेशन हवा लागून गडद होतात. दुकानातल्या दिव्याखाली सगळंच छान दिसतं, मीसुद्धा.

पावसाळ्यात मी हार मानते. भुवया, लिपस्टिक, संपलं. वॉटरप्रूफ मस्कारा मिळतो, टिकतोही, पण जो पावसाने जात नाही तो रात्री फेसवॉशनेही जात नाही हे लोक विसरतात आणि डोळे चोळत बसतात. मेणाला पाणी काय करणार, त्याला तेलच लागतं. कापसावर तेलकट क्लेन्झर घेऊन डोळ्यावर पंधरा सेकंद नुसता धरायचा, सगळं आपोआप सुटून येतं. मग नेहमीचा फेसवॉश. वाइप्सने पुसून झोपणं म्हणजे फरशीवरची घाण ओल्या फडक्याने दुसरीकडे सरकवणं, आणि हे मी प्रवासातून आल्यावर अजूनही करते, खोटं कशाला बोला.

एक मूर्खपणा मात्र परत करणार नाही. मागे एकदा उत्साहाच्या भरात रेटिनॉल (व्हिटॅमिन एचाच एक प्रकार, सुरकुत्यांसाठी लावतात तो) आणि मेलेल्या पेशी काढणारं ॲसिडवालं टोनर दोन्ही एकाच आठवड्यात, रोज रात्री सुरू केलं. पाचव्या दिवशी साध्या पाण्याने चेहरा जळायला लागला. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी माझी बाटल्यांची पिशवी बघितली, काही बोलल्या नाहीत, ती गाठ मारून बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, बाकी महिनाभर काही नाही. त्वचा नवी व्हायला साधारण महिना लागतो आणि वय वाढेल तसा जास्त, त्यामुळे कुठल्याही क्रीमचा निकाल चार दिवसांत मागू नका असंही म्हणाल्या. रेटिनॉल परत सुरू केलं ते आठवड्यातून दोन रात्री, करंगळीच्या टोकावर मावेल एवढंच (गरोदरपणात तेवढंही नाही), आणि नवीन काही आणलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच दिवस लावून बघते. कंटाळवाणं आहे. पण तो पाचवा दिवस आठवतो.

तर या रविवारी मस्कारा गेला, सिरम गेलं, ब्रश शाम्पूने धुऊन आडवे वाळत घातले, त्यातनं जे पाणी निघालं ते बघून लेक बाथरूममधून बाहेरच गेली. लिपस्टिका परत आत ठेवत होते तर म्हणाली, तीनमधली एक तरी टाक. मी मनगटावर तिन्हींच्या रेघा ओढून दाखवल्या, ही जरा विटकरी, ही गुलाबीकडे झुकलेली, ही मधली. ती म्हणाली, चल खिडकीत ये. खिडकीत नेऊन हात उजेडात धरला.

मधली रेघ अंमळ गडद आहे. मी अजूनही म्हणते.