तुम्ही विचारलंत म्हणून: कॅनबेरात कंटाळा नाही येत?

सांगलीला गेले की हा प्रश्न ठरलेला. आधी कुणीतरी म्हणतं, "ऑस्ट्रेलियाची राजधानी सिडनी ना?" मग शाळेत जाणारी भाची सामान्यज्ञानाच्या जोरावर त्यांना दुरुस्त करते. आणि मग मावशी विचारते, "त्या कॅनबेरात आहे तरी काय गं? कंटाळा नाही येत?" सिडनीतली मराठी मित्रमंडळीही हेच विचारतात, फक्त त्यांच्या आवाजात काळजीपेक्षा कीव जास्त असते. इतकी वर्षं "नाही, छान आहे" म्हणून मी विषय बदलत आले. आज नीट सांगते.

येतो. पहिली दोन वर्षं तर फार आला.

मी आले ती ऐन जुलैत, म्हणजे इथल्या कडक थंडीत. सकाळी गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा, संध्याकाळी साडेपाचला अंधार. पहिल्या आठवड्यात बसमध्ये चढून ड्रायव्हरला म्हटलं, शहराचा मध्य आला की सांगा. तो म्हणाला, "मागच्या स्टॉपला गेला की." ते सिव्हिक होतं. आठ-दहा दुकानं, एक मॉल आणि घाईघाईनं घरी निघालेली, गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली माणसं. राजधानी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर दिल्ली होती, निदान मुंबईचं मंत्रालय तरी. इथे सगळीकडे झाडं, आणि झाडांमागे बहुतेक आणखी झाडंच.

मुळात हे गाव कुणाला हवं होतं म्हणून वसलेलं नाही. सिडनी आणि मेलबर्न या दोन जावांच्या भांडणातून ते जन्मलं. 1901 साली सहा वसाहती एकत्र येऊन देश झाला, तेव्हा राजधानीवरून दोघींपैकी एकीनंही माघार घेतली नाही. शेवटी राज्यघटनेतच लिहून टाकलं: राजधानी न्यू साउथ वेल्समध्ये होईल, पण सिडनीपासून किमान 100 मैल लांब, आणि ती होईपर्यंत संसद मेलबर्नमध्ये बसेल. बसली की, चांगली 1927 पर्यंत. जागा ठरली मेंढ्यांच्या कुरणांची. त्याआधी हजारो वर्षं ती नन्नावल लोकांची भूमी होती, हे भांडणाऱ्या दोघींच्या गावीही नव्हतं. 12 मार्च 1913 ला गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी डेन्मन यांनी 'कॅनबेरा' हे नाव जाहीर केलं. इथली माणसं मात्र मधलं अक्षर गिळून 'कॅनब्रा' म्हणतात. तुम्ही 'कॅनबेरा' म्हणालात की समजतात, हा नवा आहे.

शहराच्या आराखड्यासाठी जगभरातून स्पर्धा झाली. 1912 मध्ये ती जिंकली शिकागोच्या वॉल्टर बर्ली ग्रिफिन यांनी, जागा डोळ्यांनी न बघता. पत्नी मॅरियन महोनी स्वतः वास्तुविशारद. तिनं काढलेली त्या आराखड्याची चित्रं बघितली की स्पर्धा कुणामुळे जिंकली असा प्रश्न पडतो. मला पडला. आराखड्याच्या मधोमध मोठं तळं होतं. पण अधिकाऱ्यांशी खटके उडून ग्रिफिन काही वर्षांतच या कामातून बाहेर पडले आणि तळं नुसतं कागदावर राहिलं. मोलोंग्लो नदी अडवून ते प्रत्यक्षात भरलं 1964 साली. तोवर ग्रिफिन जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती. तळ्याला नाव त्यांचंच दिलं, लेक बर्ली ग्रिफिन. गंमत अशी, की 'बर्ली' हे त्यांचं मधलं नाव, ते आडनावाचा भाग समजून कायमचं चिकटवलं.

आणि ग्रिफिन वारले कुठे? लखनौला. 1935 मध्ये विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या कामासाठी ते तिथे गेले, 'पायोनियर' वृत्तपत्राची इमारत केली, आणखी बरंच काही कागदावर उतरवलं आणि 1937 मध्ये तिथेच गेले, तिथेच त्यांना पुरलं. मी तळ्याकाठच्या एका फलकावर हे वाचलं तेव्हा दोन वर्षं झाली होती मला इथे येऊन. तो माणूस हे गाव अर्धवट सोडून माझ्या देशात गेला, तिथे रमला म्हणतात, आणि मी त्याच्या गावात येऊन कंटाळत बसले होते. त्या दिवशी पहिल्यांदा तळ्याला पूर्ण चक्कर मारली, पश्चिमेकडचा फेरा धरून. पाय सुजले.

दुसरी गोष्ट बाबांची. ते जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, त्यामुळे सरकारी इमारत दिसली की त्यांचा पहिला प्रश्न, "आत ओळख कुणाची आहे?" ते आले तेव्हा अधिवेशन चालू होतं. म्हटलं, चला, प्रश्नोत्तराचा तास बघू. दुपारी दोनला असतो, फुकट. बाबांना खरंच वाटेना. दारात विमानतळासारखी झडती झाली, आणि पाऊण तासानं आम्ही खालच्या सभागृहाच्या गॅलरीत होतो. खाली पंतप्रधान आणि विरोधक एकमेकांवर असे तुटून पडले होते, की बाबांचा चेहरा खुलला. "हे आपल्यासारखंच आहे," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातलाच सगळ्यात जास्त ओरडणारा खासदार तळ्याकाठी धापा टाकत पळताना दिसला. बाबांनी हात केला. त्यानंही केला.

हे संसद भवन 1988 मध्ये उघडलं. टेकडी पोखरून बांधलं आणि वर पुन्हा गवत अंथरलं. त्यावर 81 मीटर उंच ध्वजस्तंभ. कल्पना अशी, की जनतेनं आपल्या प्रतिनिधींच्या डोक्यावर चालावं. माझा मुलगा लहान असताना त्या उतारावरून गडगडत खाली यायचा. तेव्हा सगळीच मुलं यायची. 2017 मध्ये सुरक्षेसाठी कुंपण घातलं, गडगडणं बंद झालं. कारण समजतं, तरी ते कुंपण मला आवडत नाही.

तिथून समोर उतारावर जुनं संसद भवन दिसतं, पांढरं, बैठं. त्याच्यासमोरच्या हिरवळीवर तंबू आहेत. बाबांना वाटलं, कुणी कामगार उतरलेत. तो आदिवासींचा तंबू-दूतावास. 26 जानेवारी 1972 ला चार तरुणांनी तिथे समुद्रकिनाऱ्यावरची छत्री रोवली: आमच्याच जमिनीत आम्ही परके, मग परक्यांसारखा आमचाही दूतावास हवा. पोलिसांनी तो मोडला, तो पुन्हा उभा राहिला, आणि 1992 पासून तिथून हललेला नाही. ज्या दिवशी आपण झेंडावंदन करतो त्याच दिवशी इथे इंग्रजांची वसाहत सुरू झाली, म्हणून एका गटाची सुट्टी असते आणि दुसऱ्याचा शोक. बाबा बराच वेळ तिथल्या शेकोटीजवळ उभे होते. काही बोलले नाहीत.

घराचं त्यांना वेगळंच नवल. पुढच्या अंगणाला भिंत नाही, कारण बहुतेक भागांत ती घालायची परवानगीच नाही. फार तर झुडपांचं कुंपण. रस्त्यांवर जाहिरातींचे मोठे फलक नाहीत. आणि जमीन 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं. "म्हणजे सिडकोच की," म्हणाले, आणि त्यांना हे शहर एकदम कळल्यासारखं झालं.

आता कंटाळ्याच्या वाटणीचं. इथे ओळख करून देताना माणसं नावाच्या पाठोपाठ सरकारी पायरी सांगतात: "मी ईएल वन." मला खूप दिवस तो रक्तगट वाटायचा. सरकारी नोकरीला बहुतेक खात्यांत नागरिकत्व लागतं, त्यामुळे सुरुवातीची वर्षं मी मिळेल ते काम केलं आणि या पायऱ्यांच्या गप्पा बाहेरून ऐकल्या. माणसं दोन-तीन वर्षांसाठी येतात, बढती घेऊन जातात. माझ्या तीन जवळच्या मैत्रिणी अशा गेल्या. हा खरा त्रास आहे, दुकानं लवकर बंद होतात हा नाही.

तक्रारी आणखीही आहेत. 2020 च्या पहिल्या दिवशी वणव्यांच्या धुरानं इथली हवा जगातली सगळ्यात वाईट होती. आम्ही दारांच्या फटींत ओले टॉवेल कोंबून बसलो होतो. आणि दर वसंतात मॅगपाय. काळापांढरा, गोड गळ्याचा पक्षी. पण पिल्लं घरट्यात असली की मागून सुसाट येऊन टाळक्यावर झेपावतो. सायकलवाले हेल्मेटला प्लास्टिकच्या पट्ट्यांचे काटे लावून फिरतात, साळिंदरासारखे. आमच्या गल्लीतला पक्षी माणसं ओळखतो. पोस्टमनला आणि मला सोडत नाही; नवऱ्याला आजवर एकदाही काही केलेलं नाही. सप्टेंबरमध्ये मी छत्री उघडून बसस्टॉपवर जाते, लख्ख उन्हात. इथे कुणी वळूनही बघत नाही.

गर्दीची भूक लागली की सिडनीची बस पकडते, साडेतीन तास. हॅरिस पार्क या तिथल्या भारतीय वस्तीत पोटभर खाते, धक्के खाते, मोठ्यानं बोलते, आणि रविवारी दुपारी परत. वाटेत कॅनबेरा जवळ आलं की डाव्या हाताला लेक जॉर्ज लागतं. हे तळं आपल्या मर्जीनं येतं-जातं: कधी क्षितिजापर्यंत पाणी, कधी नुसतं कुरण आणि त्यात मेंढ्या. बसमध्ये सिडनीचे पाहुणे मोबाइलमध्ये असतात. आमच्यातले बाकीचे मात्र तिथे आपोआप मान वळवतात. "पाणी आहे का?" मागच्या सीटवरचं कुणीतरी विचारतं. परवा मी म्हटलं, "आहे थोडं, पलीकडच्या काठाला."